चार फूट रुंद गाडीत मावलेले घर

३० ऑक्टोबर १८४७ रोजी अमेरिकेतील आयोवा प्रांतात केतुरा बेल्कनॅप या शेतकरी स्त्रीची मार्था नावाची मुलगी वारली. मुलीचे वय होते एक वर्ष एक महिना. अपत्यवियोगाचा हा तिचा पहिला प्रसंग नव्हता. आता मागे एकच मुलगा उरला होता आणि तोही अशक्त. घरात त्या वर्षी एकच चर्चा चालू होती, ओरेगॉनला जाण्याची. केतुराच्या आठवणींत मुलीच्या मृत्यूनंतरची पुढचीच नोंद सामानाविषयी आहे: अंगात उरलेले बळ आता प्रवासाच्या तयारीला लावायचे, आणि वर्षभर पुरतील इतके कपडे शिवून ठेवायचे.

मुलाबाळांसह प्रवासाचे सामान कसे बांधावे, हा विषय आपण सुट्टीच्या आदल्या रात्रीचा मानतो. इतिहासात मात्र असे एक दालन आहे, जिथे हा प्रश्न जगण्यामरण्याचा होता. आजचा थ्रेड त्याविषयी.

आधी भूगोल. १८४० च्या दशकात मिसुरी नदीकाठच्या इंडिपेन्डन्ससारख्या गावांतून पश्चिमेकडे कुटुंबे निघू लागली. कुणी ओरेगॉनच्या विलामेट खोऱ्यात शेतजमिनीसाठी, कुणी कॅलिफोर्नियाला. अंतर सुमारे २००० मैल, म्हणजे ३२०० किलोमीटर. बैलांची गाडी दिवसाला साधारण १५ मैल कापत असे. मुक्काम, नद्यांचे उतार, मोडलेली चाके, आजारपणे धरून हा प्रवास चार ते सहा महिन्यांचा होई. १८६९ मध्ये पूर्व-पश्चिम रेल्वेमार्ग जोडला जाईपर्यंत तीन ते चार लाख माणसे या वाटांनी गेली असावीत, असा अंदाज आहे.

निघण्याची वेळही माणसाच्या हाती नव्हती. गवत वाढण्याआधी निघाले तर बैल उपाशी. उशीर झाला तर पुढच्या डोंगरांत बर्फ. त्यामुळे एप्रिल-मे हाच मुहूर्त. तोवर तयारी पुरी व्हायला हवी आणि वाटेत रेंगाळणे परवडणार नाही. सामानाचा सारा हिशेब या दोन टोकांमध्ये बसवायचा होता.

चित्रपटांमुळे आपल्या डोळ्यांसमोर अजस्र गाड्या येतात. प्रत्यक्षात बहुतेकांची गाडी शेतावरचीच, थोडी मजबूत केलेली असे. चार चाके, वरची लाकडी पेटी सुमारे चार फूट रुंद, दहा-बारा फूट लांब आणि दोन-तीन फूट उंच, तिच्यावर लाकडी कमानी आणि कापडी छत. गाडीला स्प्रिंग नव्हते. साधारण २००० ते २५०० पौंड, म्हणजे ९०० ते ११०० किलो, एवढेच ओझे त्यात घालावे असा जाणत्यांचा सल्ला असे. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. मर्यादा जागेची नव्हती, बैलांच्या खांद्यांची होती. गाडीत मावते म्हणून घेतलेली वस्तू हीच पुढे घातक ठरे.

आता शिध्याचा हिशेब करून पाहू. लॅन्सफर्ड हेस्टिंग्ज याने १८४५ मध्ये स्थलांतरितांसाठी मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.) त्याच्या मते माणशी किमान २०० पौंड पीठ, १५० पौंड बेकन म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, २० पौंड साखर, १० पौंड कॉफी आणि १० पौंड मीठ हवे. बेरीज ३९० पौंड, म्हणजे एका माणसामागे जवळजवळ १७७ किलो.

नवरा, बायको आणि चार मुले असे कुटुंब धरा. मुलांचा वाटा निम्मा मानला, तर एकूण चार पूर्ण वाटे होतात. १५६० पौंड. गाडीची मर्यादा २००० धरली, तर उरले ४४० पौंड. त्यात अंथरुणे, भांडी, पाण्याचे पिंप, कुऱ्हाड, फावडे, दोरखंड, वंगणाची बादली, बंदूक, दारूगोळा, औषधे, सहा जणांचे कपडे आणि जोडे. शिवाय पोहोचल्यावर पहिला हंगाम काढायचा तर नांगराचा फाळ आणि बियाणेही. म्हणूनच या गाड्यांत माणसांना बसायला जागा नसे. आजारी माणूस, बाळंतीण, तान्हे मूल सोडले तर सगळे चालत. सात-आठ वर्षांची मुलेसुद्धा. म्हणून यादीत जोड्यांना मोठे महत्त्व. वाटेत ते फाटले की अनवाणी, किंवा मूलनिवासी लोकांकडून घेतलेल्या कातडी मोकॅसिनवर भागवायचे.

या हिशेबात एक सोय मात्र होती. ओझे रोज घटत होते. प्लॅट नदीच्या सपाट काठाने, हिरव्या कुरणांतून गाडी सर्वांत जड असे. डोंगर लागेपर्यंत पिठाची बरीच पोती रिकामी झालेली असत. खच्चून भरलेल्या गाडीत ही सोयही उरत नसे, कारण बैल डोंगराआधीच खंगत.

पुस्तके पुरुषांनी लिहिली, गाडी बहुधा बायकांनी भरली. जॉन मॅक फॅरागर यांनी १९७९ च्या त्यांच्या ग्रंथात स्थलांतरितांच्या रोजनिश्या तपासून दाखवले आहे, की जायचे की नाही हा निर्णय प्रामुख्याने पुरुषांचा असे. निर्णयात वाटा नाही, पण निर्णय तडीस नेण्याचे काम मात्र पूर्ण, अशी ती विभागणी. केतुराच्या नोंदी मौल्यवान आहेत त्या यामुळेच.

केतुराने सुरुवात छतापासून केली. थंडीच्या लांब संध्याकाळी नवरा जॉर्ज मोठ्याने वाचून दाखवत असे आणि ती चरख्यावर सूत कातत असे. गाडीला तिने दुहेरी आच्छादन केले: आतून मलमलीसारखे सुती कापड, वरून जाड लिनन. आतले उबेसाठी, वरचे मजबुतीसाठी. हे लांबलचक जोड तिने हाताने शिवले, आणि शिवायचा दोराही स्वतःच कातला. पिठासाठी पोती शिवली. एका पोत्यात शंभरावर पौंड पीठ मावावे अशी. म्हणजे सामान भरण्याआधी सामान ज्यात भरायचे ते तयार करायचे होते, आणि या एका कामात हिवाळा गेला.

भरण्याचा क्रम तिने जणू नकाशासारखा नोंदवून ठेवला आहे. तळाला जड खोकी, त्यांत मांस आणि मीठ. एका पेटीचे झाकण असे, की मुक्कामावर त्याचेच जेवणाचे टेबल व्हावे. मग पीठ, मका, वाळवलेली सफरचंदे आणि पीच, घेवडा, तांदूळ, साखर, कॉफी यांची पोती. रोजची ताटे-वाट्या एका टोपलीत, हात घातला की मिळतील अशा. रोजची लोखंडी भांडी गाडीच्या मागच्या बाजूला, गुरांच्या गव्हाणीसारख्या लावलेल्या खोक्यात. संध्याकाळी स्वयंपाकासाठी सगळी गाडी उपसावी लागू नये, हा त्यामागचा विचार. रोज लागणारी वस्तू तळाशी गेली, तर सहा महिने रोज तेच उपसणे नशिबी येणार होते.

झोपण्यासाठी तिने पोतीच एका पातळीत आणली, वर जोड्यांच्या तळव्यांना वापरतात तसले जाड चामडे घातले, त्यावर दोन गोधड्या. रात्री खुर्ची आडवी केली की बिछाना थोडा लांब होई. दिवसा त्याच ठिकाणी तिची बसायची जागा आणि तिच्या मुलाला खेळायला मोकळा कोपरा. हा कोपरा मला सगळ्या यादीहून बोलका वाटतो. जिथे इंचाइंचाचा आणि पौंडापौंडाचा हिशेब चालला होता, तिथे या बाईने मुद्दाम रिकामी जागा भरली. आणि मातीच्या चांगल्या बशा घेतल्या. फुटल्या तर पत्र्याच्या आहेतच, असे म्हणून. चार लहान मेजपोसही शिवले. मार्गदर्शक पुस्तके अशा गोष्टींना चैन म्हणत. पाच महिन्यांपूर्वी मूल गमावलेल्या स्त्रीला त्या चैनीच्या वाटल्या नसाव्यात.

निघण्याच्या आधी तिने पहिल्या रविवारपर्यंत पुरेल अशी शिदोरी केली: तळलेले गोड वडे, शिजवलेली कोंबडी, उकडलेले मांस, वाळल्या फळांचा पाक. पहिले काही दिवस चूल मांडायचा त्रास नको. पदार्थ बदला, आणि ही नोंद आपल्याकडच्या कुठल्याही आजीची वाटेल. एप्रिल १८४८ मध्ये गाडी हलली.

टिकवणुकीच्या युक्त्या पाहायच्या तर अमेरिकी सैन्यातील कॅप्टन रँडॉल्फ मार्सी यांचे १८५९ चे 'द प्रेअरी ट्रॅव्हलर' हे पुस्तक उत्तम. बेकन शंभर-शंभर पौंडांच्या मजबूत पोत्यांत भरावे. फार उष्ण प्रदेशातून जायचे तर खोक्यात, चोहोबाजूंनी कोंडा घालून, म्हणजे चरबी वितळणार नाही. पीठ दुहेरी कॅनव्हासच्या पोत्यांत. साखर रबरी पिशव्यांत, नदी ओलांडताना भिजू नये म्हणून. दाबून वाळवलेल्या भाज्यांच्या वड्याही ते सुचवतात. अर्ध्या तळहाताएवढा तुकडा उकळला की फुगून चार माणसांना पुरतो, असे त्यांचे म्हणणे. क्रिमियाच्या युद्धात सैन्याने हाच माल वापरला होता.

लोण्याविषयी मार्सी लिहितात, की ते कढवत न्यावे, वर येणारी साय-फेस काढत राहावा, तेलासारखे स्वच्छ झाले की डब्यात ओतून डबा डाखाने बंद करावा. असे केले तर ते दीर्घकाळ टिकते. मंडळी, याला आपण तूप म्हणतो. प्रवासाला निघालेल्या माणसाने लोणी नव्हे, तूप न्यावे, हे आपल्या स्वयंपाकघरात कुणाला पुस्तकातून सांगावे लागले नसते.

काही युक्त्या पुस्तकात नव्हत्या, वाटेवर एकीकडून दुसरीकडे गेल्या. अंडी पिठात किंवा मक्याच्या रव्यात खुपसून ठेवायची: धक्का बसत नाही, जागा लागत नाही, आणि अंडी संपली की पीठ खायला मोकळे. चिनी मातीची भांडीही अशीच पिठाच्या पिंपात पुरून जात. सकाळचे दूध डब्यात घालून गाडीला टांगायचे. दिवसभराच्या हिसक्यांनी संध्याकाळी लोण्याचा गोळा तयार. ज्या धक्क्यांनी माणसांची हाडे खिळखिळी होत, त्यांच्याकडून बायकांनी घुसळणीचे काम करून घेतले. छताला आतून कप्पे शिवून त्यांत कंगवे, सुया, दोरे, औषधे ठेवत.

पण मार्सी यांची कपड्यांची यादी एका पुरुषासाठी आहे. तान्ह्या मुलांचे लंगोट किती घ्यावेत आणि पाणी नसलेल्या पट्ट्यात ते धुवावेत कुठे, हे त्यांच्या कक्षेत येत नाही. ज्या वाटेवर धुण्यासाठी थांबायला कधी कधी दोन-तीन आठवडे सवड मिळत नसे, तिथे हा प्रश्न किरकोळ नव्हता.

आणखी एक गोष्ट यादीत असे, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते: देवाणघेवाणीसाठी मणी, तंबाखू, गळ, सदरे. हा प्रदेश रिकामा नव्हता. पॉनी, लकोटा, शोशोनी, केयूस अशा अनेक लोकांच्या भूमीतून ही वाट जात होती आणि ताजे सॅमन मासे, बटाटे, मोकॅसिन हे सारे त्यांच्याकडून मिळत असे. सहा महिन्यांचा शिधा एका गाडीत पुरला, त्याचे थोडे श्रेय या व्यापाराला द्यावे लागते. ज्यांनी ही मदत केली, त्यांच्याच जमिनी पुढे गेल्या, तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

हिशेब चुकला की काय होई? १८४९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सोन्यासाठी झुंबड उडाली तेव्हा फोर्ट लॅरमीच्या आसपासची वाट टाकून दिलेल्या सामानाने भरून गेली. बेकनचे ढीग, लोखंडी शेगड्या, ऐरणी, पेट्या, पलंग, पुस्तके. प्रवासाचा जेमतेम तिसरा हिस्सा झाला होता आणि घरून निवडून आणलेल्या वस्तू धुळीत पडत होत्या. काहींनी टाकलेल्या साखरेवर टर्पेंटाइन ओतले, मागच्या कुणाला मिळू नये म्हणून. माणसाच्या स्वभावाचा हा नमुना मला त्या ढिगांपेक्षा अधिक अस्वस्थ करतो.

मुलांच्या बाबतीत मात्र सामान किती यापेक्षा ते ठेवले कसे, याने जीव जात. चालत्या गाडीतून उड्या मारून उतरणे हा मुलांचा रोजचा खेळ. १८४४ मध्ये सेगर कुटुंबातील नऊ वर्षांची कॅथरीन अशीच उडी मारत असताना तिच्या झग्याची कड कुऱ्हाडीच्या दांड्यात अडकली. ती चाकाखाली आली आणि पायाचे हाड मोडले. वडिलांनी स्वतः ते बसवले. पुढच्या दोन महिन्यांत आजाराने आधी वडील, मग आई गेली. सात भावंडे, त्यांतले सर्वांत लहान वाटेवरच जन्मलेले, परक्यांच्या हाती ओरेगॉनमधील व्हिटमन मिशनमध्ये पोहोचली. दोन वर्षांनी त्याच दिशेने निघालेल्या दुसऱ्या एका कुटुंबात गाडीच्या बाजूला टांगलेल्या औषधांतील लॉडेनमची, म्हणजे अफूच्या अर्काची, बाटली एका लहान मुलीने पिऊन टाकली. ती उठली नाही. हाताशी हवे म्हणून टांगलेले औषध मुलांच्याही हाताशी होते.

आता हेस्टिंग्जकडे परत येऊ. एप्रिल १८४६ मध्ये इलिनॉयमधील स्प्रिंगफिल्डहून डॉनर आणि रीड कुटुंबे कॅलिफोर्नियाला निघाली. जेम्स रीड सधन होते. त्यांच्या घरात आजारी सासूबाई सारा कीज होत्या, पत्नी मार्गारेटची प्रकृती नाजूक होती, चार मुले होती. त्यांच्यासाठी त्यांनी खास गाडी बांधून घेतली: बाजूने पायऱ्यांचे दार, स्प्रिंगच्या बैठका, धुराडे छताबाहेर काढलेली लहान शेगडी, वर फळ्यांचा दुसरा मजला आणि त्यावर बिछाने. थोरली मुलगी व्हर्जिनिया हिने पुढे १८९१ मध्ये लिहिलेल्या आठवणींत हे वर्णन आहे. बालपणीची गाडी आठवणीत मोठी होते, असे काही अभ्यासकांचे मत आहे आणि ते रास्त असावे. तरीही ती गाडी नेहमीच्या गाडीहून जड होती, याविषयी फारसा वाद नाही.

सासूबाई २९ मे रोजी, प्रवासाच्या दुसऱ्याच महिन्यात, कॅन्ससमध्ये वारल्या. गाडी मात्र तशीच पुढे चालली.

हेस्टिंग्जने सुचवलेली जवळची वाट या मंडळींनी धरली. ती जवळची नव्हतीच. वासाच डोंगरांत त्यांना झाडे तोडत रस्ता करावा लागला, आणि मग ग्रेट सॉल्ट लेकच्या पश्चिमेचे खारे वाळवंट लागले. चाळीसेक मैल निर्जळ असेल असे सांगितले गेले होते; निघाले त्याच्या जवळजवळ दुप्पट. रीड यांचे तहानलेले बैल रात्री उधळले आणि बहुतेक सापडलेच नाहीत. बैल गेले, म्हणजे गाड्याही गेल्या. जे उचलता येईना ते वाळवंटात सोडायचे ठरले. मोठ्यांनी मुलांना सांगितले, की फक्त गरजेचे तेवढे घ्या.

पुढचे अनेकांना ठाऊक असेल. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी बर्फाने वाट बंद केली. वाटेतल्या भांडणात हातून एक खून झाल्यामुळे रीड यांना आधीच तांड्यातून काढून दिले होते. ते पुढे जाऊन मदत आणण्याच्या खटपटीत होते. मागे मार्गारेट चार मुलांसह ओंडक्यांच्या खोपटात अडकली. माणसे कातडी उकळून खात होती. नंतर काहींनी मृतांचे मांस खाल्ले, रीड कुटुंबाने मात्र नाही. त्या उपासमारीत मार्गारेटने थोडीशी वाळलेली सफरचंदे, काही घेवडा, आतड्याचा तुकडा आणि बेकनचा लहानसा काप लपवून ठेवला होता. २५ डिसेंबरला तिने तो बाहेर काढला आणि मुलांसाठी नाताळचे जेवण शिजवले. पुस्तकाप्रमाणे त्या पाच जणांसाठी शेकडो पौंड अन्न निघाले होते. त्यातले उरले ते हे. आणि ते उरले, कारण एका बाईने कित्येक आठवडे त्याला हात लावला नाही.

फेब्रुवारी १८४७ मध्ये पहिली मदत आली. आठ वर्षांची पॅटी आणि तीन वर्षांचा टॉमी चालू शकत नव्हते म्हणून त्यांना पुन्हा खोपटाकडे पाठवावे लागले. पुढच्या तुकडीबरोबर वडील आले तेव्हा ती दोघे जिवंत होती. अडकलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास माणसे मेली. रीड यांची चारही मुले आणि ती दोघे नवरा-बायको वाचली.

डोंगराच्या पलीकडे, अन्न आणि शेकोटी मिळाल्यावर, पॅटीने झग्यातून एक लाकडी बाहुली काढली. जेमतेम चार इंचांची. वाळवंटात सगळे टाकायला सांगितले तेव्हा तिने ती कपड्यांत दडवली होती आणि त्या हिवाळ्यात कुणाला कळू दिले नव्हते. ती बाहुली कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोच्या सटर्स फोर्टच्या संग्रहात जपलेली आहे.